व्यायामाला जाणारे ख्रिश्चन

देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झाल्यावर मी मळवलीच्या घरामागे दोन खोल्या बांधल्या. गड चढायला येणाऱ्या पोरांना शनिवार-रविवार द्यायच्या, असा बेत होता. पोरं यायची, बुटांसकट भिंतीला पाय लावून बसायची आणि सोमवारी आमची ही ओल्या फडक्यानं भिंती पुसत माझ्या निवृत्तीचा उद्धार करायची. म्हणून पुण्यातल्या एका ओळखीच्यानं फोनवर विचारलं, "एक जोडपं आहे, शांत आहे, काही महिने राहील," तेव्हा माझ्याआधी हिनंच होकार देऊन टाकला. ते इराणचे आहेत हे त्यानं नंतर सांगितलं. ते ख्रिश्चन आहेत हे त्यांनी स्वतःच सांगितलं, पण तेही राहायला आल्यावर बऱ्याच दिवसांनी, दार लोटून, आवाज खाली आणून, घरात कुणाला क्षय झाल्याचं सांगावं तसं.

"एवढंच?" ही म्हणाली. "मला वाटलं, खूनबिन केलाय की काय."

तो तरुणपणी पुण्यात शिकायला होता. मराठी मेसमध्ये आणि रिक्षात शिकलेला. 'मीटरनं चला' आणि 'सुट्टे नाहीत' ही वाक्यं तो अस्सल पुणेरी फणकाऱ्यानं म्हणायचा. बाकी गाडी हिंदीवर चालायची. ती तिकडे दातांची डॉक्टर होती. इथे तिला कामाची परवानगी नव्हती, पण सवय जात नव्हती. समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघायची. मी तिच्यासमोर मोकळेपणानं हसायला फार उशिरा शिकलो.

त्यांच्या गावात चार-पाच कुटुंबं दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना करायची. सगळे आधी मुसलमान, मग ख्रिश्चन झालेले, आणि तिकडे तो गुन्हा. एका शुक्रवारी साध्या कपड्यांतली माणसं आली, घरमालकाला घेऊन गेली, त्याचा कॉम्प्युटरही घेऊन गेली. त्या दिवशी हे दोघं वाटेत टायर पंक्चर झाला म्हणून उशिरा पोहोचत होते. गल्लीच्या तोंडाशी अनोळखी गाडी दिसली आणि तिथूनच मागे फिरले. घरी गेलेच नाहीत. ती अंगावर होती त्या कपड्यांत इकडे आली असं ती म्हणायची, आणि नवरा दर वेळी दुरुस्ती करायचा, "माझा कोट पण होता. तो आपण तिकडे तुझ्या मावशीकडे विसरलो."

परदेशी माणूस घरात ठेवला की पोलिसांना कळवावं लागतं. मी जन्मभर लष्कराचं गोदाम सांभाळलेला माणूस, न कळवता मला झोप आली नसती. कळवलं. मग हवालदार येतोय असा निरोप आला आणि मागच्या खोल्यांत पळापळ झाली. मी जाऊन बघतो तर तिनं डोक्याला रुमाल बांधलेला, जो इथे आल्यापासून एकदाही बांधला नव्हता. पुण्यात आल्यावर मिळालेलं त्यांचं फारसी बायबल तांदळाच्या डब्यात तळाशी आणि भिंतीवरचा लाकडी क्रूस गॅसच्या टाकीमागे.

"अहो, साधा हवालदार आहे," मी म्हणालो. "चहा पिऊन जाईल."

"तिकडेही चहा पिऊनच गेले होते," तो म्हणाला.

हवालदार आमच्याच आंदर मावळातला निघाला. खुर्चीत बसला, वही उघडली.

"इराणी म्हंजी ते च्याच्या हाटेलवाले का?"

"नाही हो, इराण देशातले," मी म्हणालो.

"मंग तितं हाटेल आसंल," असं म्हणून त्यानं काहीतरी लिहून घेतलं. "धर्म?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तांदळाच्या डब्याकडे पाहायचं नव्हतं तरी पाहिलं, आणि मग भर दुपारी, खाकी कपड्यातल्या माणसाच्या तोंडावर, मराठीत म्हणाला, "ख्रिश्चन."

हवालदारानं मान वर केली. "व्हय? मंग नाताळाला तुमच्यात त्यो मनुकांचा केक आसतो न्हवं? आमची पोरगी लय मागं लागती. लोनावळ्यात मिळतो, पन मनुका शोधाव्या लागत्यात. घरी कसा करत्यात त्यो?"

केक कसा करतात हे आमच्या पाहुण्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी तो कधी केलाच नव्हता. नाताळच्या दिवशी घरातून केकचा वास येणं तिकडे परवडणारं नव्हतं. "मी विचारून सांगतो," तो म्हणाला. हवालदार चहा पिऊन उठला. फाटकापाशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या, खाऊ द्या, आमचं काय न्हाई. फक्त हितल्या कुनाला त्यांच्यात घ्याया लागले, तर आमाला वरून फोन येतो. तेवढं बघा."

मी परत आलो तर तो पायरीवर बसलेला. "काका, त्यानं पुढे काहीच विचारलं नाही," तो म्हणाला. सुटकेचा श्वास होता, पण थोडा अपमान झाल्यासारखाही सूर होता. ज्या एका शब्दापायी घर सोडलं, तो शब्द उच्चारल्यावर केक निघाला होता. पुढे कित्येक दिवस ती बायबल वाचायला उघडायची तेव्हा पानांतून तांदळाचे दाणे पडायचे.

पोलिसाची मोटारसायकल दिसली म्हणून शेजारची मावशी लगोलग चौकशीला आली. मावशी बौद्ध कुटुंबातली सून, सत्तरी ओलांडलेली, आमच्या बांधाला बांध लागून त्यांची भातखाचरं. मी तिला सगळं समजावून सांगितलं.

"धरम बदलला म्हनून पोलिस मागं?" ती म्हणाली. "आमच्या सासऱ्यांनी छप्पन साली बदलला. आख्ख्या वाडीनं बदलला. समद्यांना कुटं धरून नेत्याल?" मग म्हणाली, "पानी मात्र दुसऱ्या दिवशी बी लांबनंच वाढत व्हते."

दिल्लीत निर्वासितांचं एक कार्यालय आहे. आम्हाला परत पाठवू नका, परत गेलो तर तुरुंग आहे, असा त्यांचा अर्ज तिथे गेला होता. उत्तर आलं की तुम्ही ख्रिश्चन असल्याचे आणि त्यापायी त्रास झाल्याचे पुरावे द्या. आता हे दोघं कित्येक वर्षं नेमकं एकच काम मन लावून करत होते: पुरावा राहू न देणं. फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत, पुस्तक घरात ठेवायचं नाही. ते काम त्यांनी इतकं चोख केलं होतं की आता शोधूनही काही सापडेना. सापडले ते फक्त फोनमधले जुने निरोप. आणि तेही सांकेतिक भाषेत.

ती भाषा मला ओळखीची झाली होती. बायको दर शुक्रवारी तिच्या आईशी फोनवर बोलायची आणि त्यात 'बाशगाह, बाशगाह' असा शब्द सारखा यायचा. मी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "बाशगाह म्हणजे व्यायामशाळा. आम्ही चर्चला व्यायामशाळा म्हणतो. प्रार्थना म्हणजे व्यायाम. पाळक म्हणजे ट्रेनर. फोन कोण ऐकत असेल सांगता येत नाही." आई बिचारी मुसलमानच होती, पण मुलीच्या काळजीनं विचारायची, "तिकडे व्यायामाला जातेस ना? अंग दुखत नाही ना?"

तर ते निरोप त्यांनी विश्वासानं दिल्लीला पाठवले. तिथल्या दुभाष्यानं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं. त्याची प्रत पुढे यांच्याकडे आली, ती नवऱ्यानं मला वाचून दाखवली. 'या शुक्रवारी व्यायाम आमच्या घरी. आवाज न करता या.' 'नवा ट्रेनर फार छान शिकवतो. मी घरी जाऊन रडले.' 'ज्यांना कायमचं सदस्य व्हायचं आहे त्यांनी येताना टॉवेल आणावा.' खाली कार्यालयानं सभ्य भाषेत विचारलं होतं की सदर कागदपत्रांचा धर्माशी काय संबंध आहे ते कळवावे.

"टॉवेल म्हणजे बाप्तिस्मा," तो मला समजावू लागला. मी हसू दाबत होतो. तीही दाबत होती. शेवटी आमच्या हिला फुटलं आणि मग कुणालाच थांबवता येईना. तो मात्र गंभीर चेहऱ्यानं 'टॉवेल' या शब्दाखाली रेघ मारत होता.

मग मला डेपोतला जुना सहकारी आठवला. देहूरोडच्या चर्चमध्ये नेमानं जाणारा. एका रविवारी आम्ही चौघं लोकलनं तिकडे गेलो. आमची ही पहिल्यांदाच चर्चमध्ये शिरली, तर चप्पल काढायची की नाही यावरच दारात अडली. आत सगळी डेपोतली निवृत्त मंडळी, त्यांच्या सुना, नातवंडं. पेटी वाजली, मराठी गीत सुरू झालं, मोठ्यानं, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या. माझ्या शेजारी ती एकदम ताठ झाली. "काका," ती कुजबुजली, "विंडो." तिला खिडक्या लावायच्या होत्या. बाहेर रस्त्यावर एक भाजीवाला हातगाडी लोटत होता, त्याचं इकडे लक्षही नव्हतं. पुढे किती तरी रविवार ते दोघं ओठ हलवायचे, पण आवाज बाहेर येत नव्हता. ख्रिश्चन झाल्यापासून ते ओठांनीच गात आले होते.

असे काही रविवार गेल्यावर एकदा उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना गाठलं. बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे, म्हणालो.

"यांचा बाप्तिस्मा झालाय का?" त्यांनी विचारलं.

झाला होता. ती गोष्ट तिनं इंग्रजीत सांगितली, जिथे अडेल तिथे हातवारे करून. कुणाच्या तरी फ्लॅटमधल्या बाथटबात झाला. टबाचं बूच हरवलेलं, म्हणून यजमानीण बाई भोकावर टाच दाबून उभी. टब आखूड. ट्रेनरनं, म्हणजे पाळकानं, तिचं डोकं पाण्यात दाबलं की गुडघे वर यायचे, गुडघे दाबले की डोकं वर यायचं. वरच्या मजल्यावरचा शेजारी पोलिसांचा माणूस, त्यामुळे हसायची सोय नाही. सगळे तोंडात टॉवेल कोंबून उभे. संपूर्ण बुडाली की नाही हे तिला आजही खात्रीनं सांगता येत नव्हतं.

पाळकसाहेब फार हसले. मग म्हणाले, "झाला तर झाला. पण बाप्तिस्मा एकदाच असतो. मी परत कसा देणार? आणि मी दिलेला नाही, तर दाखला कसा देणार?"

"मग झाला नाही असं समजा ना," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे हे ख्रिश्चन आहेत असा कागद मिळावा म्हणून आधी मी यांना ख्रिश्चन नाहीत असं समजायचं?"

आणखी एक अडचण त्यांनी हळूच सांगितली. दिवस बरे नाहीत. परदेशी माणसांना पाण्यात बुडवताना कुणी मोबाईलवर टिपलं, तर बाटवाबाटवीची तक्रार होईल आणि खुलासे करता करता त्यांचं वर्ष जाईल. माणूस मोठ्या मनाचा होता. भीतीही खरी होती. शेवटी त्यांनी चर्चच्या कागदावर एक पत्र लिहून दिलं: हे दोघं नियमित उपासनेला येतात, स्वभावानं नम्र आहेत, गाताना त्यांचा आवाज ऐकू येत नाही.

मग मुलाखतीची तारीख आली. व्हिडिओवर, दोघांची वेगवेगळी, आणि खोलीत दुसरं कुणी नको अशी अट. त्यानं तयारी आरंभली. कुणीतरी सांगितलं होतं की साहेब बारा शिष्यांची नावं विचारतात. तो पहाटे बांधावरून फिरत पाठ करायचा, जसं आम्ही लहानपणी पाढे करायचो. गोंधळ असा की त्या बारांत तीन नावं दोन-दोनदा येतात. तो अडला की मावशी खाचरातून ओरडायची, "आरं, आमच्या वाडीत बी एका नावाचे चौघं हायेत. बापाचं नाव लावून सांगायचं."

तो चमकला. "मावशी, बायबलमध्ये तसंच लिहिलंय!"

"लिवायचंच," मावशी म्हणाली. "न्हाईतर टपाल कसं पोचंल?"

ती मात्र काहीच पाठ करत नव्हती. "मला सांगता येईल तेच सांगेन," म्हणायची, आणि आमच्या हिच्याकडून भाकरी थापायला शिकत बसायची. तो चिडायचा. त्यांच्या घरात आधी तो ख्रिश्चन झाला होता. ती नंतर दोन वर्षं त्याच्याशी वाद घालून, रडून, रुसून, शेवटी स्वतःहून झाली होती. त्यामुळे या विषयातला जाणकार आपण, असं त्याच्या मनात पक्कं होतं.

आमच्या घरी रेंजचा भरवसा नाही. एका मुंबईकराच्या बंगल्याच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, तिथे वायफाय आहे. मालकाला विचारून मुलाखती तिथे ठरवल्या. सकाळी तिची, दुपारी त्याची. ती आत गेली, दार लावलं, आम्ही व्हरांड्यात बसलो, आणि शेजारच्या बंगल्यात डीजे सुरू झाला.

खिडक्यांची तावदानं हादरायला लागली. तिचा सूर वर वर जात होता. साहेबांचं बोलणं तिला ऐकू येत नसणार हे बाहेर बसूनही कळत होतं. तिनं मग ऐकायचा नाद सोडला असावा, कारण ती सलग, न थांबता, ओरडून बोलायला लागली. मी उठून शेजारी गेलो. हिरवळीवर फुगे, टेबलावर हाडाच्या आकाराचा केक, आणि खुर्चीवर सोनेरी टोपी घातलेला एक लॅब्रेडोर. कुत्र्याचा वाढदिवस होता.

"जरा आवाज कमी करता का?" मी हात जोडून म्हणालो. "शेजारी मुलाखत चालू आहे."

कुत्र्याची मालकीण भली बाई. तिनं लगेच डीजेवाल्याला खूण केली. "सॉरी हं काका! कुठल्या कंपनीची मुलाखत?"

आता काय सांगायचं? "परदेशातली," मी म्हणालो.

"अय्या! सिलेक्शन झालं की सांगा हं," ती म्हणाली आणि एका डिशमध्ये केक दिला. तो माणसांनी खायचा की नाही ते विचारायचं राहिलं, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला.

डीजे बंद झाला तोवर तिची मुलाखत संपत आली होती. ती बाहेर आली, घसा बसलेला. "मी काही ऐकलं नाही," ती म्हणाली. "फक्त टबाची गोष्ट सांगितली. गुडघ्यांची. आणि आईची. आणि खूप रडले." त्यानं कपाळाला हात लावला.

दुपारी त्याला मात्र पूर्ण शांतता मिळाली. शेजारची मंडळी आमच्यासाठी कुजबुजत उरलेला केक वाटत होती. तो बाहेर आला तेव्हा चेहरा उजळला होता. "सगळं विचारलं. सगळं आलं. बाराच्या बारा, बापाच्या नावासकट."

निकाल यायला पुढचा बराचसा उन्हाळा गेला. दरम्यान तिच्या भावाला तिकडे पुन्हा पुन्हा चौकशीला बोलावत होते, आणि एक दिवस आईनं फोनवर सांगितलं की आता फोन करू नकोस. ती त्या दिवशी मावशीच्या खाचरात जाऊन कुणी न सांगता भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायला लागली. चेहरा काळा करून संध्याकाळी परत आली. हिनं पाणी तापवून दिलं.

मग दिल्लीचं पत्र आलं. तो मोठ्यानं वाचायला लागला आणि मध्येच थांबला. पुढचं मी वाचलं. अर्जदार स्त्रीची हकीकत उत्स्फूर्त, तपशीलवार आणि विश्वासार्ह वाटते. तिची श्रद्धा खरी असल्याचे मान्य करण्यात येत आहे. अर्जदार पुरुषाची उत्तरे अचूक आहेत, परंतु पाठ केल्यासारखी वाटतात. तथापि, मान्यताप्राप्त निर्वासित स्त्रीचा पती या नात्याने त्यालाही संरक्षण देण्यात येत आहे.

म्हणजे ती ख्रिश्चन, आणि तो तिचा नवरा.

"मी हिला येशूबद्दल सांगितलं," तो खोलीभर फिरत म्हणत होता. "मी! ही म्हणायची, तू वेडा झालास!" त्याला त्या निकालाविरुद्ध दाद मागायची होती. ओळखीच्या वकिलानं विचारलं, "नेमकी तक्रार काय? संरक्षण तर मिळालंय." तो म्हणाला, "ते मिळालं, पण मी कोण म्हणून मिळालं?" वकिलानं फोन ठेवायची घाई केली. ती पहिले दोन दिवस त्याची समजूत काढत होती, मग तिलाच हसू आवरेनासं झालं. "घाबरू नको," ती त्याला मराठीत म्हणायची, "मी आहे ना."

मावशीनं त्याला ओट्यावर बसवलं. "आमच्या सासऱ्यांना मरेस्तोवर कुनी ना कुनी इचारायचंच, तू आता नक्की कोन झालास रं? खरंच झालास का? त्ये म्हनायचे, आत्ता गिरनीत निघालोय, दळान करून येतो, मंग सांगतो." ती जोरात हसली. "समद्यांना पटवीत बसले आसते तर भात कुनी लावला आसता?"

तो हसला नाही. पण त्या रविवारी देहूरोडला गेलो तेव्हा गीताच्या दुसऱ्या कडव्याला शेजारून एक भसाडा, बेसूर आवाज आला. मी वळून पाहिलं. तोच होता, चिडून गात होता. पुढच्या बाकावरच्या बाई दचकून मागे बघायला लागल्या. पाळकसाहेबांनी पुस्तकावरून नजर उचलली आणि परत खाली घातली.

पुढच्या वर्षी एका थंड देशातल्या कुठल्याशा छोट्या चर्चनं त्यांची जबाबदारी घेतली आणि ते गेले. मळवली स्टेशनवर मावशी आली होती. तिनं त्यांना तांदूळ बांधून दिले. तिकडे तांदूळ मिळतो असं त्यानं सांगितलं, तर म्हणाली, "मिळंल, पन त्यो आपला आसंल का?"

गेल्या महिन्यात त्यांचा व्हिडिओ फोन आला. त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये देशोदेशीच्या जेवणाचा कार्यक्रम होता. ते भारतातून आले अशी नोंद असल्यानं त्यांच्या टेबलावर कागदी तिरंगा लावलेला आणि लोक त्यांना ताजमहालाबद्दल विचारत होते. दोघांनीही ताजमहाल पाहिलेला नाही. "मग तुम्ही केलं काय?" हिनं विचारलं. "पिठलं," तो म्हणाला. "दुसरं काय येतं आम्हाला?" तिनं फोन फिरवून पातेलं दाखवलं. पिठलं फार पातळ झालं होतं आणि एक म्हातारे गृहस्थ ते सूप समजून चमच्यानं पीत होते. ही ओरडून बेसनाचं प्रमाण सांगायला लागली. तेवढ्यात त्यांना कुणीतरी फोटोसाठी बोलावलं, तिनं फोन टेबलावर ठेवला, आणि आम्हाला नुसतं त्या हॉलचं पांढरं छत आणि त्यातला पंखा नसलेला एक हुक दिसत राहिला. खाली बरीच माणसं काहीतरी बोलत, हसत होती. आम्ही बघत बसलो, रेंज जाईपर्यंत.